चालीला ठेका

आमच्या नारायण पेठेत अजूनही काही वाडे तग धरून आहेत. त्यांपैकी एका वाड्यात, पहिल्या मजल्यावर, माझे एक जुने रुग्ण राहतात. वय ७६. व्यवसायाने शिक्षक होते. परंतु पेठेतील जुनी मंडळी त्यांना ओळखतात ती भजनी मंडळातील तबलावादक म्हणून. सात वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटू लागला. मेंदूविकारतज्ज्ञांनी निदान केले ‘पार्किन्सन्स’, म्हणजे आपल्या परिचयाच्या शब्दांत कंपवात. औषधांनी हाताचा कंप बराच आटोक्यात आला. पुढे मात्र या आजाराने हात सोडून पाय धरले.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी एकट्याच दवाखान्यात आल्या. “डॉक्टर, हे न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी उभे राहतात ते उभेच राहतात,” त्या सांगू लागल्या. “पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. मी हाताला धरून ओढते, तर तोल जातो. रात्री दोनदा उठावं लागतं. तेव्हा मला यांचेही पाय उचलावे लागतात नि माझेही.” काकूंचे वय ७२, दोन्ही गुडघे झिजलेले. मुलगा आणि सून नोकरीवर, नातू अभियांत्रिकी महाविद्यालयात. काकांना एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवावे का, यावर घरात हलक्या आवाजात बोलणी सुरू झाली होती. काकूंनी तो प्रश्न मला विचारला नाही. परंतु तो विचारण्यासाठीच त्या आल्या होत्या, हे मला कळत होते.

पुढील हकीकत त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून सांगत आहे. कंपवाताच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या अनेक घरांना तिचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

लय कोठे हरवते?

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सहा रुग्णांचे वर्णन केले आहे. त्यांतील काहींना त्यांनी केवळ रस्त्यावरून चालताना पाहिले होते. मला, पेठेत दवाखाना चालवणाऱ्या साध्या एमबीबीएस डॉक्टरला, ही गोष्ट फार जवळची वाटते. या आजाराची पहिली खूण पुष्कळदा तपासणीच्या टेबलावर दिसत नाही; रुग्ण दारातून आत येतो त्या चार पावलांतच ती दिसते. पाऊल आखूड पडते, एक हात झुलत नाही, वळताना शरीर एकसंध खांबासारखे वळते.

चालणे ही आपल्याला अगदी साधी क्रिया वाटते, कारण आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. मेंदूच्या खोल भागात मज्जापेशींचे काही पुंजके असतात. रोज सरावाने होणाऱ्या हालचाली केव्हा सुरू करायच्या, केवढ्या करायच्या आणि एकीनंतर दुसरी केव्हा घ्यायची, याची व्यवस्था हे पुंजके पाहतात. या व्यवस्थेला ‘डोपामिन’ नावाचे रसायन लागते. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. परिणामी पायांत ताकद असते, सांधे हलू शकतात, मनात चालण्याची इच्छाही असते. परंतु “आता पाऊल टाक” हा आतला इशारा वेळेवर मिळत नाही. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर वादक बसलेला आहे, तबला सुरात लावलेला आहे, पण सम कोठे आहे ते सापडत नाही.

दाराची चौकट, उंबरठा, अरुंद बोळ, वळण, समोरून आलेले माणूस, अशा ठिकाणी पाय चिकटण्याचा हा त्रास अधिक होतो. त्याला ‘फ्रीझिंग’ म्हणतात. घरची माणसे अशा वेळी “अहो, चला ना!” म्हणून घाई करतात किंवा हात धरून ओढतात. या दोन्ही गोष्टींनी शरीराचा वरचा भाग पुढे जातो, पाय मात्र मागेच राहतात आणि माणूस पडतो. उतारवयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडले, तर त्यातून उठायला कित्येक महिने जातात. काही जण पूर्वीसारखे चालू लागतच नाहीत.

निसर्गाने येथे एक आडवाट मात्र शिल्लक ठेवली आहे. आतला इशारा मंदावला, तरी बाहेरून आलेल्या ठोक्यावर पाऊल टाकण्याची क्षमता बऱ्याच रुग्णांत टिकून असते. कानावर नियमित ठोका पडला की, मेंदूचे श्रवणाचे आणि हालचालींचे इतर भाग पुढे होऊन पायांना वेळ देतात. वारीच्या वाटेवर हे आपण वेगळ्या रूपाने पाहतोच. आषाढीला पालख्या पुण्यातून पुढे जातात, तेव्हा टाळ-मृदंगाच्या लयीवर सत्तरीची माणसे पावली खेळताना दिसतात. त्यांच्या श्रद्धेचा भाग आहेच. परंतु शरीराने बाहेरच्या लयीचा आधार घेणे, हाही एक भाग आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. कंपवाताच्या रुग्णांना तीन आठवडे, रोज अर्धा तास, ठोका ठळक केलेल्या संगीतावर चालण्याचा सराव देण्यात आला. त्यांचा चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला आणि पाऊल लांब पडू लागले. पुढे २००७ साली बेल्जियम, ब्रिटन आणि नेदरलँड्स या देशांत मिळून १५३ रुग्णांच्या घरी जाऊन असाच सराव देण्यात आला. त्यातही चालण्यात सुधारणा झाली, पाय चिकटण्याचा त्रास काहीसा कमी झाला. परंतु हे लाभ बेताचे होते आणि सराव थांबल्यावर सहा आठवड्यांत ते बहुतांशी ओसरले.

ही दुसरी बाब मी मुद्दाम सांगतो. ठेका हा कंपवातावरचा इलाज नव्हे. आजार त्यामुळे बरा होत नाही, पेशी परत येत नाहीत, औषधाची एकही गोळी कमी होत नाही. चष्मा जसा लावला असेपर्यंत दिसायला मदत करतो, तसा ठेका चालू असेपर्यंत आणि सराव टिकून असेपर्यंत चालायला मदत करतो. परंतु उंबरठ्यापाशी अडलेल्या माणसाला तेवढी मदतही फार मोठी असते.

माझी घाई

काकूंना मी ही माहिती दिली आणि तंत्र घरीच वापरायचे ठरले. नातू फावल्या वेळात संगीताची जुळवाजुळव करतो. त्याच्याकडे एक ड्रम मशीन, म्हणजे ताल भरून ठेवता येईल असे इलेक्ट्रॉनिक तालयंत्र होते. काकांचा त्यावर जुना राग. “दिवसभर ती खटखट! हात न लावता वाजतो तो कसला ताल?” असे ते मला अनेकदा म्हणाले होते. आता त्याच यंत्रावर चालायचे म्हटल्यावर त्यांनी मान फिरवली. शेवटी नातू म्हणाला, “आबा, ठेका तुम्ही सांगा, मी फक्त बटणं दाबतो.” त्यावर मात्र ते तयार झाले.

चूक पुढे माझ्याकडून झाली. मिनिटाला १०० पावले ही निरोगी प्रौढ माणसाची बऱ्यापैकी झपझप चाल समजली जाते. मी नातवाला सांगितले, “शंभरावर लाव.” काकांची स्वतःची चाल किती आहे, हे मी मोजलेच नाही. पहिल्याच दिवशी वाड्याच्या सज्जात चालताना ठोका गाठण्यासाठी त्यांची पावले लहान होत गेली, अंग पुढे झुकले आणि ते जवळजवळ धावू लागले. नातवाने धरले म्हणून निभावले; गुडघा कठड्यावर आपटून खरचटला एवढेच. संध्याकाळी पट्टी बांधताना मी काकांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “डॉक्टर, साथीला बसल्यावर गवयाची लय आधी बघावी लागते. तुम्ही एकदम आपलीच लय धरलीत.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनीही तेच सांगितले. आधी रुग्णाची चाल मोजायची, ठोका तिच्याशी जुळवायचा आणि त्या चालीत तो स्थिरावल्यावरच विचारपूर्वक बदल करायचा. मराठीत ‘चाल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, चालण्याची ढब आणि गाण्याची स्वररचना. या उपचारात ते दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळचे औषध घेऊन तासभर झाल्यावर आम्ही काकांना सज्जात त्यांच्या सवयीने चालू दिले. अर्ध्या मिनिटात ४२ पावले झाली. म्हणजे मिनिटाला ८४.

सोळा बटणे, सोळा मात्रा

ज्यांनी हे यंत्र कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने ‘टीआर-८०८’ नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्याच्या खालच्या बाजूस एका ओळीत सोळा बटणे होती. यंत्र सुरू केले की, डावीकडून उजवीकडे एकेका बटणापाशी पाळी येत जाते आणि शेवटी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. आपण हवा तो आवाज निवडायचा आणि ज्या ज्या ठिकाणी तो वाजायला हवा, ती बटणे दाबून पेटवून ठेवायची. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी याच जातीच्या यंत्रावर १९८२ साली रागांची एक ध्वनिमुद्रिका केली होती. आज मिळणारी बहुतेक छोटी यंत्रे आणि मोबाइलवरील ॲप हीच सोळा घरांची रचना वापरतात.

नातवाने ही ओळ दाखवली तेव्हा काका प्रथमच यंत्राकडे वाकून पाहू लागले. “सोळा? म्हणजे तीनतालाचं आवर्तन की हे!” पहिल्या बटणावर सम, नवव्यावर खाली. यंत्र बनवणाऱ्यांच्या मनात अर्थातच तीनताल नव्हता. त्यांच्या हिशोबात ते चार ठोके होते आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग. परंतु काकांची आणि यंत्राची दिलजमाई या सोळा आकड्याने झाली.

आमच्या कामाला हा चार ठोक्यांचा हिशोबच सोयीचा होता. यंत्राच्या गतीचा आकडा ८४ वर ठेवला, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके. पहिले, पाचवे, नववे आणि तेरावे अशी चार बटणे पेटवली आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल ठरवले. हा झाला नुसता सांगाडा. चालायला तो पुरेसा असतो. परंतु काकांना तो पटेना. “हे घड्याळ झालं. याला ताल म्हणत नाहीत.” मग त्यांनी केरवा सांगायला सुरुवात केली. धा गे ना ती, ना क धि न. आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला दोन बटणे. बोल पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम बटणांवर बसले आणि पावले एक सोडून एक मात्रेवर पडू लागली. एका आवर्तनात चार पावले. त्यामुळे ‘धा’ नेहमी त्याच पायावर येतो. काकांचा उजवा पाय अधिक अडतो, म्हणून ‘धा’ उजव्याला दिला.

तरीही समाधान होईना. “मात्रा बरोबर आहेत, वजन चुकलंय,” ते म्हणाले. सगळे बोल सारख्याच जोराने वाजत होते. नातवाने प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा ठेवण्याची सोय वापरली. ‘धा’ भरदार केला, पावलांचे ठोके मध्यम ठेवले आणि मधले बोल अगदी हलके केले. त्यासरशी काकांचा डावा हात मांडीवर आपोआप बायाँ वाजवू लागला. वैद्यकीय दृष्टीनेही हा बदल योग्यच होता. जोरदार ठोका पायाला स्पष्ट इशारा देतो, तर मधले हलके बोल पुढचा ठोका केव्हा येणार याची आगाऊ कल्पना देतात.

आणखी एक गंमत येथे नमूद करतो. हुरूप येऊन नातवाने दर आठव्या आवर्तनाला एक तिहाई भरली. ती सुरू झाली की, काका चालता चालता मान डोलावून थांबायचे. ती समेवर बरोबर येते की नाही, हे ऐकण्यात सारे लक्ष जायचे आणि पाय चिकटायचे. कंपवातात एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे अवघड होते, याचे इतके सुबक उदाहरण मला पुस्तकात सापडले नव्हते. तिहाई काढून टाकावी लागली.

कोणता ठेका चालतो, कोणता नाही

माणसाला पाय दोन आहेत. म्हणून चालण्यासाठी दोन किंवा चारच्या हिशोबाने जाणारा ठेका उत्तम. केरवा, भजनी ठेका, धुमाळी हे सारे आठ मात्रांचे ताल या कामाचे. दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनमध्ये विभागलेल्या असतात. प्रत्येक मात्रेला पाऊल टाकले, तर जोराचा ठोका एकदा उजव्या आणि एकदा डाव्या पायावर येतो. निरोगी माणसाला त्यात मौज वाटेल. पाय अडणाऱ्याचा मात्र गोंधळ होतो. रूपकाच्या सात मात्रांत तर सम दर आवर्तनाला पाय बदलते. झपताल दहा मात्रांचा असला, तरी त्याचे दोन-तीन, दोन-तीन असे खंड पायांना अडखळवतात. हे ताल बसून ऐकावेत, त्यांवर चालू नये.

आवाजाचाही विचार करावा. वयोमानाने आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे मोबाइलवरील बारीक ‘टिक-टिक’ आजी-आजोबांपर्यंत पोहोचतेच असे नाही. बायाँ किंवा ढोलासारखा घुमारदार आवाज आणि त्याच्या जोडीला लाकडावर लाकूड आपटल्यासारखा स्पष्ट आवाज, अशी जोडी चांगली. मात्र आवाज मोठा ठेवण्याची गरज नाही. गणपतीपूर्वी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा आमच्या पेठेतल्या खिडक्या थरथरतात. तितक्या दणक्याने ज्येष्ठांच्या कानांना इजा होते आणि ते बावरतात. खोलीत सहज बोलता येईल इतपत आवाज पुरे.

यासाठी महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही. अनेक संगीतप्रेमी घरांत रियाजासाठी बंगळुरूच्या राडेल कंपनीची ‘तालमाला’ किंवा तसा एखादा इलेक्ट्रॉनिक तबला असतो. त्यात ठेके तयार असतात, फक्त लय जुळवावी लागते. तेही नसेल तर मोबाइलवरील मेट्रोनोम चालतो. आणि काहीच नसेल, तर माणसाच्या तोंडचा “एक-दोन, एक-दोन” सर्वांत जुना आणि सर्वांत विश्वासू.

घरी करून पाहताना

आधी आपल्या डॉक्टरांशी आणि शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टशी बोलावे. तोल फार जात असेल, अलीकडे पडणे झाले असेल, उभे राहिल्यावर चक्कर येत असेल, तर त्याची तपासणी प्रथम. कंपवातात आणि त्यावरील औषधांनी उभे राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. हे कारण ठेक्याने दूर होणार नाही.

औषधाचा परिणाम चांगला असतानाच सराव करावा. लेव्होडोपा असलेली गोळी ठरलेल्या वेळीच आणि शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास द्यावी, कारण प्रथिनयुक्त आहाराने तिचे शोषण कमी होऊ शकते. ठेक्याने बरे वाटते म्हणून गोळी स्वतःहून कमी करू नये आणि एकाएकी बंद तर कधीच करू नये.

नेहमीच्या चालीने चालताना अर्ध्या मिनिटातील पावले मोजून दुप्पट करावीत. तोच सुरुवातीचा आकडा. पहिले दोन-तीन दिवस केवळ खुर्चीत बसून ठेक्यावर टाळी आणि पायांची थाप. नंतर आधाराला धरून जागच्या जागी उजवीकडे-डावीकडे भार टाकणे. त्यानंतरच चालणे. पहिल्या ठोक्याला निघण्याची घाई नको. एक पूर्ण आवर्तन ऐकून पुढच्या समेवर पाऊल उचलावे.

वाट मोकळी आणि उजेडाची असावी. पायपुसणी, विजेच्या तारा, घसरणाऱ्या चपला बाजूला ठेवाव्यात. सोबतीने चालणाऱ्याने अडणाऱ्या बाजूस, किंचित मागे राहावे. ओढू नये, ढकलू नये. रस्त्यावर कानात इअरफोन घालून हा सराव मुळीच करू नये. लक्ष्मी रस्त्यावर किंवा भिडे पुलाकडे जाताना कान वाहनांसाठी मोकळे हवेत.

आठवडाभर चाल स्थिर राहिली, तर गती पाच टक्क्यांनी वाढवून पाहता येते. ८४ वरून ८८, एकदम १०० नव्हे. पावले आखूड होऊ लागली किंवा अंग पुढे झुकले, तर लगेच मागे यावे. ज्यांचे पाय वारंवार चिकटतात, त्यांची गती वाढवूच नये. काहींना तर नेहमीच्या चालीपेक्षा किंचित संथ ठेका अधिक मानवतो. दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत जावे, मध्ये विश्रांती घ्यावी.

पाय चिकटलाच, तर चार गोष्टी क्रमाने कराव्यात. थांबा. श्वास घ्या. भार एका पायावर टाका. मग ठोका ऐकून दुसरा पाय उचला. न्हाणीघराच्या वाटेवर जमिनीवर आडव्या ठळक पट्ट्या चिकटवल्या, तर डोळ्यांनाही असाच आधार मिळतो.

सेवा करणाऱ्यांनी आणि रुग्णांनी एकटे पडू नये. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा आधारगट अनेक वर्षे काम करतो. नर्तक हृषीकेश पवार यांनी पुण्यात कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालवले आहेत. अशा ठिकाणी गेल्यावर घरातल्या घरात लपवलेला आजार चारचौघांत मोकळा होतो, हा लाभ मी माझ्या रुग्णांत पाहिला आहे.

रात्रीचा उंबरठा

काकांच्या घरी सज्जातले चालणे तीन-चार आठवड्यांत बरेच सुधारले. प्रश्न उरला तो रात्रीचा. मध्यरात्री यंत्र लावणार कोण, आणि त्या ठोक्याने सारे घर जागे होणार. मी यावर काही सुचवण्यापूर्वीच काकूंनी मार्ग काढला होता. पन्नास वर्षे ज्यांचा रियाज स्वयंपाकघरातून ऐकला, त्यांचे बोल त्यांना पाठच होते. रात्री काका उंबरठ्यापाशी थांबले की, काकू त्यांना ओढत नाहीत. बाजूला उभ्या राहून हळू आवाजात म्हणतात, “धा गे ना ती, ना क धि न.” एक आवर्तन ऐकायचे, दुसऱ्या ‘धा’ला उजवा पाय पलीकडे. “कधी कधी मीच चुकते,” काकू मला म्हणाल्या, “मग हे तिथंच उभं राहून मला आधी ठेका दुरुस्त करून देतात आणि मग पाय उचलतात.”

शुश्रूषा केंद्राचा विषय त्या वर्षी मागे पडला. तो कायमचा मिटला, असे मी म्हणणार नाही. आजार पुढे सरकतो आहे. काकूंचे गुडघेही थकत आहेत. रात्रीपुरती एक मदतनीस बाई ठेवायला मी त्यांना सांगितले आणि गेल्या दिवाळीपासून त्यांनी ती ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात काकांनी तिला केरवा शिकवला.

नातवाने यंत्राशेजारी एक वही ठेवली आहे. दर पंधरवड्याला चाल मोजून तो आकडा लिहितो. ८४ पासून सुरू झालेली ती नोंद एका टप्प्यावर ९० पर्यंत गेली होती. या महिन्यात ७८ आहे. ती वही काका प्रत्येक भेटीला घेऊन येतात. औषधाचे वेळापत्रक बदलायचे की नाही, हे तज्ज्ञांशी बोलताना तिचा मला मोठा उपयोग होतो; माझ्या तपासणीतून कळणार नाही ते त्या आकड्यांतून कळते.

आपल्या घरात कोणी कंपवाताने आजारी असेल, तर निदान एवढे आजच करावे. अर्ध्या मिनिटाची पावले मोजून, तारीख घालून लिहून ठेवावीत आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्यावा.